ऑन-कॉल, ओव्हरटाइम, नाइट ड्युटी: सरकारी नोकरीतल्या जादा तासांचा हिशेब

तिसरी_पाळी

सरकारी नोकरीत ओटी (ओव्हरटाइमचा मोबदला) मिळतो का, या प्रश्नाला दहा जण दहा उत्तरं देतात. केंद्राच्या कार्यालयातला कारकून म्हणतो, ओटी कसला, चहा मिळाला तरी पुष्कळ. रेल्वेचा गेटमन म्हणतो, बारा तास हीच माझी ड्युटी. आयुध निर्माणीतला फिटर ओटी धरूनच घराचा हप्ता ठरवतो. यातलं कुणीच खोटं बोलत नाही. प्रत्येकाला लागू असलेला नियम वेगळा आहे, एवढंच.

म्हणून हा धागा. मला तीन गोष्टींची उत्तरं हवी आहेत. कुणाला कोणता नियम लागतो? पैशांचा हिशेब नेमका कसा करायचा? आणि ड्युटी संपवून घरी आलं, पण फोन उशाशी ठेवूनच झोपायचं, या थांबण्याचं मोल कुठे धरतात का? कृपया "आमच्या साहेबांनी काय केलं" हे किस्से दुसऱ्या धाग्यावर टाका. इथे कलम आणि आकडा असू द्या.

---

हिशेबनीस

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं सगळं त्याच्यापाशीच येऊन थांबतं. केंद्र सरकारच्या मूलभूत नियमांमधला नियम ११ सांगतो की, वेगळी तरतूद नसेल तर सरकारी नोकराचा सगळा वेळ सरकारच्या हवाली असतो, आणि त्याला कुठल्याही कामाला लावलं तरी जादा मोबदल्याचा दावा करता येत नाही. म्हणजे मुळात जादा तासांचे पैसे नाहीतच. जिथे मिळतात तिथे ते "वेगळी तरतूद" आहे म्हणून मिळतात. त्यामुळे आपली तरतूद कोणती हे आधी शोधायचं, मग गुणाकार.

ढोबळ चार खण करा.

पहिला, रेल्वे. रेल्वे अधिनियम १९८९ ची कलमं १३० ते १३६ आणि त्याखालचे २००५ चे कामाचे तास व विश्रांतीचे नियम. दुसरा, कारखाने: आयुध निर्माण्या, नाशिकचे छापखाने, टांकसाळ. तिथे वर्षानुवर्षं कारखाना अधिनियम १९४८ चं कलम ५९ चाललं. तिसरा, केंद्राची कार्यालयं, ज्यांना कार्मिक विभागाचे आदेश लागतात. चौथा, ज्यांच्यासाठी वेळेऐवजी बदली सुट्टी किंवा एखादा ठोक भत्ता आहे असे सगळे.

तिसऱ्या खणाचं दोन ओळींत उरकतो, कारण तिथे फारसं काही उरलेलं नाही. सातव्या वेतन आयोगाने अतिकालिक भत्ता बंद करायला सांगितलं. १९ जून २०१८ च्या आदेशाने तो "ऑपरेशनल" कर्मचारी आणि कायद्याने संरक्षण असलेले औद्योगिक कर्मचारी सोडून बाकीच्यांचा बंद झाला. ऑपरेशनल म्हणजे लिपिकवर्गाबाहेरचे अराजपत्रित, कार्यालय चालू ठेवण्यात ज्यांचा थेट हात आहे असे. विजेची किंवा यांत्रिक उपकरणं चालवणारे त्यात येतात. त्यांनाही वरिष्ठाचा लेखी आदेश लागतो, हजेरी बायोमेट्रिकशी जुळावी लागते, आणि दर अजून १९९१ च्या आदेशातलेच. १९९१ च्या पगाराच्या टप्प्यांवर बेतलेले तासाचे दर आज हातात घेऊन बघा, रिक्षाचं मीटर पडायलाही पुरायचे नाहीत.

---

रोस्टरवाला

रेल्वेचा खण मी घेतो. इथे पैसा ड्युटी करताना ठरत नाही, तो वर्गीकरणात आणि रोस्टरमध्ये आधीच ठरलेला असतो. हे ज्याला कळलं त्याला निम्मं एचओईआर (रेल्वेचे कामाच्या तासांचे नियम) कळलं.

वर्ग चार: इंटेन्सिव्ह (सतत ताणाचं काम), कंटिन्युअस (नेहमीचं सलग काम), इसेन्शियली इंटरमिटंट (मधे मधे बराच रिकामा वेळ असलेलं काम, पुढे ईआय लिहितो) आणि एक्सक्लुडेड (तासांच्या नियमांबाहेरचे). काहीच जाहीर केलेलं नसेल तर कर्मचारी आपोआप कंटिन्युअस. ईआय किंवा इंटेन्सिव्ह करायचं तर सक्षम अधिकाऱ्याने तसं जाहीर करावं लागतं.

कलम १३२ ची कमाल मर्यादा अशी. इंटेन्सिव्हला आठवड्याला ४५ तास आणि कंटिन्युअसला ५४, दोन्ही १४ दिवसांच्या सरासरीने. ईआयला कुठल्याही एका आठवड्यात ७५. ही झाली कायद्याची मर्यादा. तिच्या आत रोस्टरची मर्यादा असते: इंटेन्सिव्ह ४२, कंटिन्युअस ४८. ईआयचे मूळ ४८, त्यावर १२ जादा धरून ६०. पण सी वर्गाच्या (कमी रहदारीच्या) फाटकांचे गेटमन, विश्रामगृहांचे केअरटेकर, आणि लहान स्टेशनांवर अर्ध्या किलोमीटरच्या आत क्वार्टर मिळालेले ईआय कर्मचारी यांना २४ जादा, म्हणजे ७२. चार्ज देण्याघेण्याचा वेळ यात वेगळा मिळवतात.

आता दर. रोस्टरच्या पुढे, पण कायद्याच्या मर्यादेपर्यंतच्या तासांना दीडपट. कायद्याच्या मर्यादेपुढे दुप्पट.

उदाहरण घ्या. कंटिन्युअस कर्मचारी, रोस्टर ४८ चं, १४ दिवसांत ११६ तास काम. रोस्टर ९६, कायदा १०८. मधले १२ तास दीडपटीने म्हणजे १८ तासांचा पगार. वरचे ८ दुपटीने म्हणजे १६. एकूण ३४ तासांचे पैसे.

त्याच माणसाच्या रोस्टरमध्ये चार्ज देण्याघेण्याचा वेळ मिळवून ते ५२ चं केलेलं असेल, तर रोस्टर १०४. मग ४ तास दीडपटीने ६, वरचे ८ दुपटीने १६, एकूण २२. काम तेवढंच, घाम तेवढाच, पण १२ तासांचा पगार रोस्टरच्या कागदानेच खाल्ला. रनिंग स्टाफचा (गाडीवरचे चालक, गार्ड वगैरे) पंधरवड्याला १०४ चा आकडा ऐकला असेल, तो असाच येतो.

---

तिसरी_पाळी

सरासरीमुळे नेमकं काय होतं? एका आठवड्यात ६६ तास झाले तर १२ तास दुप्पट मिळायला हवेत ना?

---

रोस्टरवाला

इथेच बहुतेकांची फसगत होते. पहिल्या आठवड्यात ६६ आणि दुसऱ्या आठवड्यात रजा किंवा विश्रांती देऊन ४० केले, तर बेरीज १०६. कायद्याचे १०८ ओलांडलेच नाहीत. दुप्पट शून्य, आणि रोस्टर ९६ असेल तर १० तास दीडपट. म्हणून डेपोत पंधरवड्याच्या शेवटच्या तीन-चार दिवसांत अचानक "तुझे रेस्ट घेऊन टाक" असा प्रेमळ आग्रह सुरू झाला, की समजावं तास मोजून झालेत. त्यात बेकायदेशीर काही नाही. पंधरवडा कोणत्या तारखेला सुरू होतो हे मात्र आपल्याला ठाऊक हवं.

ईआयला सरासरी नाही, आठवडा तो आठवडा. ६० च्या रोस्टरवर ८० तास झाले तर १५ दीडपट (२२.५) आणि ५ दुप्पट (१०), म्हणजे ३२.५ तासांचे पैसे. रोस्टर ७२ चं असेल तर ३ दीडपट (४.५) अधिक १०, म्हणजे १४.५. अर्ध्या किलोमीटरच्या आतलं क्वार्टर असं महाग पडतं.

---

फाटक_क्रमांक_सी

ईआय लावलंय तेच चूक असेल तर? १२ तासांचं गेट ८ तासांचं कसं होतं?

---

रोस्टरवाला

कलम १३० ची व्याख्या शब्द न शब्द वाचा, सगळी किल्ली तिथे आहे. १२ तासांच्या ड्युटीत रिकामा वेळ निम्मा किंवा त्याहून जास्त हवा. शिवाय त्यात एक तरी रिकामी वेळ सलग एका तासाची, किंवा दोन तरी प्रत्येकी अर्ध्या तासाच्या हव्यात. आणि हे ७२ सलग तासांच्या सरासरीवर तपासायचं.

लोक फक्त पहिल्या अटीवर भांडतात. "माझा रिकामा वेळ साडेपाच तास की साडेसहा" यावरच वाद. दुसरी अट विसरतात. समजा, दर वीस-पंचवीस मिनिटांना एखादी गाडी किंवा मालगाडी आहे. प्रत्येक गाडीआधी स्टेशनशी बोलणं, प्रायव्हेट नंबर (निरोपाची खूण म्हणून सांगायचा आकडा) देणं-घेणं, गेट बंद, गाडी पास, गेट उघडणं. तुकड्या-तुकड्यांनी रिकामा वेळ सात तास भरेलही, पण सलग अर्धा तास एकदाही नाही. मग ते गेट ईआयच्या व्याख्येत बसत नाही.

जॉब अ‍ॅनालिसिस (कामाची प्रत्यक्ष मोजणी) मागायचं ते लेखी, युनियनमार्फत पीएनएममध्ये (प्रशासन आणि युनियनच्या वाटाघाटीच्या बैठकीत) विषय घालून किंवा थेट अर्जाने. कुठे बिघडतं ते सांगतो:

- ब्लॉक (कामासाठी मार्ग बंद) किंवा गाड्या रद्द असलेल्या दिवसांत मोजणी होते. तारखा ठरण्याआधी त्या आठवड्याचा ब्लॉक प्रोग्रॅम बघा.
- फक्त गेट बंद-उघड मोजतात, फोनवरची कामं नोंदवत नाहीत. गेट रजिस्टरमध्ये प्रत्येक प्रायव्हेट नंबरची वेळ मिनिटासह असेल तर ती गाळता येत नाही.
- ७२ तासांऐवजी २४ तासांत मोजणी उरकतात आणि तिची तिप्पट करतात. सरळ आक्षेप घ्या.
- मोजणीच्या शीटवर "मान्य" म्हणून सही घेतात. न पटलेली नोंद असेल तर सहीच्या वर एका ओळीत तसं लिहा.

वर्गीकरणावर अपील रिजनल लेबर कमिशनरकडे (केंद्रीय) जातं, डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) कार्यालयाकडे नाही. त्याच्यावर पुन्हा अपील केंद्राच्या श्रम मंत्रालयात.

---

सिग्नलची_तार

मूळ प्रश्नावर येऊ. सिग्नल मेंटेनरची ड्युटी ८ ते ५. रात्री दीडला पॉइंट (गाडीचा रूळ बदलणारी यंत्रणा) फेल झाला, बोलावणं आलं, साडेचारला परत. काय धरायचं?

---

रोस्टरवाला

रात्री ११ ते दीड उशाशी फोन घेऊन झोपलात त्याचं काही नाही. नियमांत घरच्या थांबण्याला तासच नाहीत. दीड ते साडेचार मात्र ड्युटी आहे, ती पंधरवड्याच्या बेरजेत गेली पाहिजे.

या तीन तासांची सुरुवात कुठून, हाच खरा वाद. बोलावणं आलं ती वेळ, जागेवर पोचलात ती वेळ, की डिसकनेक्शन मेमो (दुरुस्तीसाठी यंत्रणा तोडल्याची चिठ्ठी) दिलात ती वेळ? कागद नसेल तर कार्यालय यातला सगळ्यात छोटा आकडा धरतं. म्हणून वेळा चार ठिकाणी उमटू द्या: स्टेशन मास्तरच्या फेल्युअर मेमोवर, कंट्रोलला बोललेल्या नोंदीत, रिकनेक्शन मेमोवर आणि स्वतःच्या डायरीत. चारही एकमेकांशी जुळल्या की बाबू हात लावत नाही. एखाद्याने मेमोत १.३० आणि डायरीत १.०० लिहिलं की पूर्ण क्लेम परत येतो, अर्ध्या तासाचा वाद संपूर्ण महिना गिळतो.

आणखी एक. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पुन्हा हजर राहायला लावलं तर ते वेगळं भांडण आहे, विश्रांतीचं. कलम १३३ प्रमाणे इंटेन्सिव्ह आणि कंटिन्युअसला आठवड्यात सलग ३० तास विश्रांती हवी, ईआयला एक पूर्ण रात्र धरून सलग २४. रनिंग स्टाफला महिन्यात ३० तासांच्या चार किंवा पूर्ण रात्रीसह २२ तासांच्या पाच. रात्रीच्या बोलावण्याने आठवड्याची विश्रांती मोडली तर बदली विश्रांती म्हणजे सीआर मागायची, लेखी. तोंडी मागितलेली सीआर पुढच्या पंधरवड्यात कुणाला आठवत नाही.

आणि "रिलीव्हर आला नाही तरी मी निघतो" हे मात्र करू नका. कलम १३४ प्रमाणे बदलीची व्यवस्था असताना ती बदली येईपर्यंत जागा सोडता येत नाही. थांबा, तास लिहा, पैसे मागा.

---

मेरीलँडकर

तुलनेसाठी अमेरिकेतल्या फेडरल नोकरांचं सांगतो, कारण तिथे याच प्रश्नाला तीन वेगळे शब्द आहेत. ठरलेल्या जागी थांबायचं, हालचालीवर कडक बंधन आणि कामाला तयार: हा स्टँडबाय, तो कामाचा वेळ धरतात. फोन जवळ ठेवा, बोलावलं तर वाजवी वेळात या, बाकी तुमचा वेळ तुमचा: हा ऑन-कॉल, सर्वसाधारण कर्मचाऱ्याला बिनपैशाचा. आणि प्रत्यक्ष बोलावून आणलं: कॉल-बॅक, काम दहा मिनिटांचं असलं तरी किमान दोन तास धरतात. माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांतल्या नर्सना मात्र ऑन-कॉलच्या नुसत्या थांबण्याचेही पैसे आहेत, ओव्हरटाइमच्या तासाच्या दराचे १० टक्के.

---

हिशेबनीस

तो "किमान दोन तास" हाच मुद्दा आपल्याकडे मागण्यासारखा आहे. थांबण्याचे पैसे मिळणं नियम ११ असेपर्यंत अवघड, पण पाऊण तासाच्या बोलावण्याला सगळी रात्र मोडते हे कुठल्याही साहेबाला पटवता येतं.

आता नाइट ड्युटी भत्ता, कारण रात्रीच्या कामाचे पैसे म्हणजे ओटी असं बरेच जण समजतात. तो ओटीहून वेगळा, दोन्ही एकाच रात्रीत मिळू शकतात. १३ जुलै २०२० चा कार्मिक विभागाचा आदेश, १ जुलै २०१७ पासून लागू. रात्री १० ते सकाळी ६. दर तासामागे १० मिनिटांचं वजन, म्हणजे तेवढ्या मिनिटांचे जादा पैसे. तासाचा दर म्हणजे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले २००. पूर्वी श्रेणीप्रमाणे सरसकट दर होते, आता प्रत्येकाचा त्याच्या मूळ वेतनावर.

मूळ वेतन ३५,४००, महागाई भत्ता ५० टक्के धरा. बेरीज ५३,१००, भागिले २०० म्हणजे २६५.५० रुपये तासाला. पूर्ण रात्र ८ तास, वजन ८० मिनिटं म्हणजे एक तास वीस मिनिटं. २६५.५० गुणिले ४ भागिले ३, बरोबर ३५४ रुपये.

आकडा ओळखीचा वाटला? महागाई भत्ता ५० टक्के असताना एक पूर्ण रात्र म्हणजे मूळ वेतनाचा नेमका १ टक्का. महागाई भत्ता बदलला की (मूळ + महागाई) भागिले १५०, हे एका रात्रीचं उत्तर. पे स्लिपवरची रक्कम या भागाकारापेक्षा कमी असेल तर रात्री कमी लागल्यात किंवा जुनं मूळ वेतन धरलंय.

---

तिसरी_पाळी

४३,६०० ची मर्यादा आहे ना? म्हणजे ज्याचं मूळ वेतन ५०,००० आहे त्याला ४३,६०० वर काढून देतात, बरोबर?

---

हिशेबनीस

नाही, आणि हाच या आदेशातला काटा आहे. ४३,६०० ही पात्रतेची मर्यादा आहे. ओलांडली की भत्ता पूर्ण बंद.

पगाराच्या लेव्हल ६ चं कोष्टक बघा (दर इन्क्रिमेंटला एक घर पुढे): ३५,४०० पासून चढत आठव्या घरात ४३,६००, नवव्यात ४४,९००. आठव्या घरात असताना ५० टक्के महागाईला एका रात्रीचे ४३६. महिन्याला आठ पूर्ण रात्री म्हणजे ३,४८८ रुपये. नवव्या घरात गेलात की मूळ वेतन १,३०० ने वाढलं, त्यावर महागाई ६५०, मोठ्या शहरात घरभाडं ३० टक्क्यांनी ३९०. मिळून २,३४०. आणि गेले ३,४८८. इन्क्रिमेंट लागलं म्हणून हातात पगार कमी, असा चमत्कार सरकारी नोकरीतच बघायला मिळतो.

लेव्हल ५ वाले ४२,८०० नंतर ४४,१०० ला बाहेर पडतात. लेव्हल ७ ची सुरुवातच ४४,९०० ने, म्हणजे सीनियर सेक्शन इंजिनिअर पहिल्या दिवसापासून बाहेर. शिवाय पर्यवेक्षक म्हणून ते एक्सक्लुडेड वर्गात, म्हणजे ओटीही नाही. रात्री ब्लॉकमध्ये रुळावर उभं राहणाऱ्यांत कायद्याच्या दृष्टीने फुकट उभा असलेला माणूस तोच.

---

खडकी_बाजार

कारखान्यांचा खण. खडकी, देहूरोड, भंडारा, अंबाझरी, वरणगाव, अंबरनाथ इथल्या लोकांना दुहेरी हिशेब पाठ असतो. निर्माणीचा नेहमीचा आठवडा ४४ तास ४५ मिनिटं. कारखाना कायद्याचा ४८. मधले सव्वातीन तास खात्याचा ओटी, एकेरी दराने. ४८ च्या पुढे कलम ५९ चा ओटी, दुप्पट.

आठवड्यात ५४ तास भरले तर ३.२५ एकेरी आणि ६ दुप्पट म्हणजे १२, एकूण १५.२५ तासांचे पैसे.

वाद दुप्पट कशाची यावर. कलम ५९ (२) सांगतं की सर्वसाधारण दर म्हणजे मूळ वेतन अधिक कामगाराला त्या वेळी मिळणारे भत्ते, फक्त बोनस आणि ओव्हरटाइमचे पैसे सोडून. हे वाचून घरभाडं आणि वाहतूक भत्ता धरा असं कामगार म्हणतात. खात्याची पत्रं ते वगळायला सांगायची. घरभाडं १०,००० असेल तर महिन्याच्या ओटीत पडणारा फरक कुणीही काढू शकतो, म्हणून वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजल्या.

---

नियम_अकरा

त्यात भर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि कारखाना अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली. ओव्हरटाइम दुप्पटच, पण दुप्पट "वेतना"ची. आणि संहितेतल्या वेतनाच्या व्याख्येतून घरभाडं बाहेर आहे. एक पळवाट उलट्या बाजूने आहे: वगळलेल्या भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर वरचा भाग पुन्हा वेतनात येतो. सरकारी वेतनरचनेत मूळ अधिक महागाई एवढी मोठी असते की निम्म्याची रेषा सहसा ओलांडली जात नाही. म्हणून जुन्या काळाची थकबाकी जुन्या कलमाने आणि पुढची नव्या व्याख्येने, असे दोन वेगळे तक्ते करा. एकाच अर्जात मिसळू नका.

दुसरं, पर्यवेक्षकांचं. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सिक्युरिटी प्रिंटिंग अँड मिंटिंग कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सांगितलं की सरकारी नागरी पदावर असलेल्यांना कारखाना कायद्याच्या दुप्पट ओटीवर हक्क सांगता येत नाही. आधार तोच, सगळा वेळ सरकारचा. त्यांना सेवानियमांनी बाकीचे जे फायदे मिळतात ते कारखान्यातल्या कामगाराला नसतात, हेही न्यायालयाने मांडलं. कुणी "कलम ५९ आहेच की" म्हणून थेट दावा टाकायला निघाला, तर आधी हा निकाल वाचायला द्या.

---

खडकी_बाजार

सहमत, पण तो निकाल वाचून औद्योगिक कामगारांनीही घाबरून बसू नये. प्रकरण पर्यवेक्षकांचं होतं.

अवांतर: १ ऑक्टोबर २०२१ ला निर्माण्यांच्या सात कंपन्या झाल्या, तरी जुने कर्मचारी मानीव प्रतिनियुक्तीवर सरकारी नोकरच राहिले. त्यामुळे "आता कंपनी झाली, जुने नियम गेले" असं कुणी सांगितलं तर आदेश दाखवा म्हणायचं.

---

वॉर्ड_नंबर_बारा

निवासी डॉक्टरांचं कुणी लिहिलं नाही. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत सलग सक्रिय ड्युटी साधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त नको, ऑन-कॉलही एका वेळी १२ तासांपेक्षा जास्त नको, कनिष्ठ निवासींना साधारण ४८ तासांचा आठवडा आणि आळीपाळीने साप्ताहिक सुट्टी असं लिहिलेलं आहे. "साधारणपणे" आणि "कामाच्या निकडीनुसार" हे दोन शब्द आले की पुढचं सगळं सैल. आणि मर्यादा मोडली तर तासामागे किती, याबद्दल चकार शब्द नाही. ज्या मर्यादेला दर जोडलेला नसतो ती ओलांडायला कुणाचंच काही जात नाही. रेल्वेचा दुप्पट दर म्हणूनच मोलाचा, तो कर्मचाऱ्याला पैसे देतो आणि प्रशासनाला रिलीव्हर भरायला भाग पाडतो.

---

फाटक_क्रमांक_सी

कार्यालयात कंत्राटदारामार्फत लावलेले ऑपरेटर, सफाईवाले, चालक यांचं?

---

नियम_अकरा

गंमत अशी की त्यांची बाजू कागदावर कायम नोकरापेक्षा भक्कम आहे. सुरक्षा संहिता केंद्र आणि राज्य सरकारच्या कार्यालयांना लागू नाही. पण त्याच कार्यालयात कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्या कंत्राटी कामगारांना लागू आहे, असं परंतुक तिथेच आहे. म्हणजे दिवसाचे ८ तास आणि पुढे दुप्पट. पैसे कंत्राटदाराने द्यायचे. अडचण पुराव्याची. कार्यालयाच्या हजेरीवर ६ वाजता बाहेर आणि प्रत्यक्षात ९. म्हणून गेटवरच्या रजिस्टरची नोंद किंवा चालक असेल तर गाडीचं लॉगबुक, हे दोन कागद सांभाळायचे. लॉगबुकवर वापरणाऱ्या अधिकाऱ्याची सही वेळेसह असते, त्याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

---

तिसरी_पाळी

शेवटची विचारणा. क्लेम नाकारला किंवा नुसता पडून राहिला तर? आणि या पैशांवर कर, पेन्शन वगैरे?

---

रोस्टरवाला

आधी तुमचा क्लेम खरंच पूर्ण आहे का बघा. नाकारायची कारणं नेहमीची तीन: रोस्टरची प्रत जोडलेली नाही, कुणाच्या सांगण्यावरून थांबलात त्याचा उल्लेख नाही, बेरीज पंधरवड्याऐवजी महिन्यावर केली. त्यातलं तिसरं सगळ्यात जास्त. महिन्याचे तास एकत्र करून त्यातून ४८ ची चौपट वजा केली की उत्तर चुकतंच. दर पंधरवड्याचा वेगळा कागद करा: वर तारखा, मग रोजचे येण्याजाण्याचे तास, बेरीज, वजा रोस्टर, वजा कायदा, दीडपटीचे तास, दुपटीचे तास. रुपये लिहू नका, ते बाबूला काढू द्या. तास मान्य झाले की रुपयांवर भांडण होत नाही.

पडून राहिला तर युनियनमार्फत विषय घाला, किंवा लेबर एन्फोर्समेंट ऑफिसरकडे (केंद्रीय) लेखी तक्रार द्या. रेल्वे अधिनियमाच्या कलम १३५ खाली तपासणीसाठी पर्यवेक्षक नेमण्याची तरतूद आहे आणि हे काम केंद्रीय श्रम खात्याकडे आहे. ते आले की रोस्टर आणि हजेरीच शेजारी ठेवून बघतात.

---

हिशेबनीस

कॅटमध्ये (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात) जायचं असेल तर घड्याळ आधीच चालू झालंय हे लक्षात घ्या. अंतिम नकार मिळाल्यापासून एक वर्ष. निवेदन दिलंय आणि उत्तरच नाही, तर सहा महिने थांबून त्यापुढे एक वर्ष. दर महिन्याला चुकणाऱ्या पैशांचा दावा उशिरा टाकला तरी टिकू शकतो, पण थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणून निवेदनाची पोच, इनवर्ड क्रमांक आणि तारीख यांचा फोटो त्याच दिवशी काढायचा. आठवणपत्रं पाठवत बसल्याने मुदत वाढत नाही, हेही तितकंच लक्षात ठेवा.

ओटी आणि नाइट ड्युटी भत्ता, दोन्ही पूर्ण करपात्र. पेन्शन, ग्रॅच्युइटी, एनपीएसचा हिस्सा, कशातच धरत नाहीत. थकबाकी एकरकमी मिळाली आणि त्या वर्षी कराचा टप्पा चढला, तर आयकर अधिनियम १९६१ च्या कलम ८९ च्या सवलतीसाठी फॉर्म १०ई विवरणपत्राच्या आधी भरा. नंतर भरला की सवलत नाकारून मागणीपत्र येतं.

---

फाटक_क्रमांक_सी

रोस्टर मागितलं की "पर्सनल शाखेत आहे" म्हणतात. कामाच्या जागी लावायचं बंधन आहे ना?

---

रोस्टरवाला

आहे. लावलेलं नसेल तर स्टेशनच्या किंवा सेक्शनच्या प्रमुखाला एका ओळीचा अर्ज: "माझ्या पदाचे मंजूर ड्युटी रोस्टर प्रदर्शित करावे व प्रत मिळावी." पोच घ्या. पंधरा दिवसांत नाही आलं तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज, त्यात रोस्टरसोबत तुमच्या पदाच्या शेवटच्या जॉब अ‍ॅनालिसिसची शीट आणि वर्गीकरणाचा आदेश हेही मागा. तिन्ही कागद एकदम आले की कळतं, तुमच्या गेटवर आजच्या गाड्या मोजल्यात की वीस वर्षांपूर्वीच्या.